पिल्लू अचानक गळून पडलं तर

कुत्र्याचं पाच आठवड्यांचं पिल्लू होतं, जेमतेम सातशे ग्रॅमचं. श्रावणातली पहाट. पडवीतल्या गोणपाटावर चार भावंडं एकमेकांत गुंतून झोपलेली आणि हे एकटं दोन हात लांब, फरशीवर आडवं. उचललं तर मान मागे लोंबली. पोट गार, पंजे गार. ओठ वर करून टॉर्च मारला तर हिरडी कागदासारखी पांढरी. साखरपाणी बोटावर घेऊन हिरडीला चोळलं, बनियनच्या आत छातीशी धरलं, आणि दहाएक मिनिटांनी त्याने जीभ फिरवली. अर्ध्या तासात ते चारही पायांवर उभं राहिलं. मी त्याला भावंडांत ठेवलं आणि कामावर गेलो. दुपारी परत आलो तेव्हा ते गेलेलं होतं.

साखर दिली ते बरोबर होतं, ऊब दिली तेही बरोबर. चुकलं ते पुढे. साखरेने उठलेलं पिल्लू बरं झालं असं मी धरून चाललो. साखरेने आपल्याला फक्त वेळ मिळतो, तासाभराचा, फार तर दोन तासांचा, आणि तो वेळ दवाखान्यात पोहोचण्यासाठी असतो. एवढी एक गोष्ट या लेखातून लक्षात राहिली तरी पुरे. बाकी सगळं त्या वेळेत काय करायचं, याबद्दल आहे.

हात लावण्याआधी

पिल्लू पडलेलं दिसलं की पहिली झेप त्याला उचलायची असते. दोन-तीन सेकंद थांबून आजूबाजूला बघा. तोंडाजवळ चार्जरची किंवा फ्रिजची वायर आहे का? असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. दात शिवशिवायला लागले की पिल्लं वायरी चावतातच. विजेचा झटका बसलेलं पिल्लू लगेच सावरल्यासारखं दिसलं, तरी काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं. म्हणून ते खेळायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पिल्लू रस्त्यावरचं असेल, नुकतंच घरी आणलेलं असेल, तर आणखी एक सावधगिरी. रेबीज पिल्लांनाही होतो. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, एक-दोन दिवसांत वागणं पार पालटलंय, असं काही असेल तर तोंडात बोट घालू नका. घशात हाड अडकलंय असं वाटून लोक नेमकं तेच करतात. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला लाळ लागलीच तर वाहत्या पाण्याखाली धुवा (जखम असेल तर साबणाने) आणि पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. पिल्लू पुढे जगलं काय, गेलं काय, यावर लस अडवून ठेवायची नाही.

श्वास चालू आहे का?

पिल्लाला कुशीवर झोपवा, मान थोडी सरळ करा, छाती आणि कुशीकडे दहा सेकंद बघा. हाक मारून, पंजा चिमटून प्रतिसाद मिळतो का पाहा. श्वास चालू असेल तर हिरडीकडे वळा.

श्वास नसेल आणि पिल्लू हलतही नसेल तर वेळ न घालवता छाती दाबायला सुरुवात करायची. तोंड उघडून घशात काही अडकलंय का ते बघा, दिसलं तर काढा. मग एका हाताच्या पकडीत छाती धरा. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, पुढच्या पायांच्या कोपराच्या लगेच मागे. छातीच्या रुंदीचा तिसरा हिस्सा ते निम्मी दबेल इतकं दाबायचं आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडायचं. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. तीस दाब झाले की तोंड मिटून धरायचं, नाकावर ओठ टेकवायचे आणि दोन छोटे श्वास द्यायचे. छाती जराशी वर आली की पुरे. एवढ्याशा फुप्फुसांना आपल्या गालात मावेल एवढी हवा खूप होते, पूर्ण दम लावून फुंकलं तर इजा होईल. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दाबणाऱ्याचा हात थकतो आणि ते त्याला कळत नाही. अनोळखी रस्त्यावरच्या पिल्लाच्या नाकाला तोंड लावू नका, नुसती छाती दाबत राहा.

खरं सांगायचं तर हृदय थांबलेली फार थोडी पिल्लं यातून परत येतात. पण घशात काही अडकल्याने किंवा पाण्यात बुडाल्याने श्वास थांबलेला असेल आणि तुम्ही लगेच हात घातला असेल, तर शक्यता बरी असते. बुडालेलं किंवा गुदमरलेलं पिल्लू क्षणभर डोकं खाली करून धरा, तोंडातलं पाणी गळू द्या, खांद्यांच्या मध्ये हलक्या चापट्या मारा. पाय धरून गरगर फिरवायचा प्रकार काही ठिकाणी करतात तो करू नका, त्याने मेंदूला इजा होते.

हिरडी बघा

मी आता कुठलंही मलूल पिल्लू हातात घेतलं की आधी ओठ वर करतो. घरात यंत्र नाही, तपासणी नाही, पण हिरडीइतकं लवकर दुसरं काहीही सांगत नाही. ट्यूबलाइटखाली नको, खिडकीजवळ किंवा पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात बघा. आणि पिल्लू धडधाकट असतानाच दोन-चारदा बघून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसतो. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्यात डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघायची.

गुलाबी आणि ओलसर हिरडी म्हणजे रक्ताभिसरण ठीक आहे. पांढरी किंवा फिकट म्हणजे अंगात रक्त कमी आहे किंवा ते नीट फिरत नाही. जंत, गोचीड, पिसवा, पोटातला रक्तस्राव, धक्का, सगळं यात येतं. निळसर, जांभळट हिरडी म्हणजे प्राणवायू पोहोचत नाही, एक मिनिटही न दवडता निघायचं. विटेसारखी लालभडक म्हणजे उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. पिवळी म्हणजे कावीळ, आणि तपकिरी दिसली तर कुणी माणसांची तापाची गोळी दिली होती का, हे घरात विचारा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत रक्ताचा रंग असा पालटतो.

मग बोटाने हिरडी दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होईल आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. त्याहून जास्त वेळ लागला तर रक्तदाब पडलाय असं समजा. बोटाला हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी गेलेलं आहे. कातडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षा मोठ्या कुत्र्यांत ठीक, लहान पिल्लांत ती फसवते.

अंग गार की गरम?

पिल्लाचं तापमान गुदद्वारात मोजतात. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोकाला खोबरेल लावून अर्धा इंच आत. महिन्यावरच्या पिल्लाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याहून जास्त. जन्मल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते ९५ ते ९९ इतकंच असतं. त्या वयात पिल्लाला स्वतःचं अंग तापवता येत नाही. ते आईच्या पोटाशी असतं म्हणून गरम राहतं.

गार पडलेल्या पिल्लाला ऊब हळूहळू द्यायची. कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा किंवा थेट आपल्या कातडीशी धरा. वरून शाल. भिजलेलं असेल तर आधी कोरडं करा. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावणं, शेगडीसमोर ठेवणं, ड्रायर जवळून मारणं, यापैकी काहीही नको. बेशुद्ध पिल्लाला भाजतंय हे कळत नाही आणि त्याला बाजूला सरकताही येत नाही.

आणि गार पिल्लाला दूध पाजू नका. सगळ्यात जास्त पिल्लं या एका चुकीने जातात असं मला वाटतं, कारण ती चूक मायेपोटी होते. शरीर थंड झालं की आतड्यांची हालचाल थांबते. दूध पोटात तसंच राहतं, फुगतं, किंवा उलटून फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग साखर, आणि पिल्लू स्वतः मान उचलून चोखायला लागल्यावर दूध.

उलट बाजूही सांगायला हवी. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बंद गाडीत, गच्चीवर पिल्लू पडलं, धापा टाकतंय, हिरड्या लाल आहेत आणि तापमान १०४ च्या वर आहे, तर तो उष्माघात. तिथे साध्या नळाच्या पाण्याने अंग भिजवायचं, विशेषतः पोट, काख आणि पंजे, आणि पंखा लावायचा. बर्फ नको. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आतल्या आत उष्णता कोंडते. १०३ पर्यंत उतरलं की थांबा, नाहीतर तापमान खाली घसरत जातं. पग आणि तशाच चपट्या नाकाच्या पिल्लांना हा त्रास फार लवकर होतो. उष्माघातात आधी गार करायचं, मग गाडी काढायची.

साखर: किती, कशी आणि का

लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नखाएवढा असतो. मोठं कुत्रं दिवसभर उपाशी राहिलं तरी यकृत त्याला निभावून नेतं. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं, त्यात थंडी लागली, प्रवास झाला, जुलाब झाले, तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मेंदूला साखर लागतेच, म्हणून आधी मेंदू बंद पडायला लागतो. पिल्लू दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देतं, एकटक बघतं, थरथरतं, मग लुळं पडतं किंवा झटके येतात. चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्की अशा चिमुकल्या जातींत हे नेहमी दिसतं. आईवेगळ्या झालेल्या देशी पिल्लांतही दिसतं, फक्त त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

एक चमचा साखर तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवा. ग्लुकोज पावडर असेल तर उत्तम, मध चालेल. बोटाच्या टोकाला लावून हिरडीवर आणि गालाच्या आतल्या बाजूला चोळा. किलोभर वजनाच्या पिल्लाला एक-दोन मिली पुरतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा किंवा थोडं जास्त. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. डोकं घशापेक्षा किंचित खाली ठेवा म्हणजे ओघळ बाहेर येईल. झटके चालू असतील तर बोट दातांच्या मध्ये जाऊ देऊ नका, ओठ ओढून बाहेरच्या बाजूने हिरडीला लावा.

घरात मधुमेहाचं यंत्र असेल तर कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब तपासता येतो. माणसांचं यंत्र कुत्र्याच्या रक्तात आकडा बहुधा थोडा कमी दाखवतं, पण ६० च्या खाली दिसला तर साखर पडली आहे असं धरून चाला. यंत्र शोधण्यात वेळ घालवू नका. साखर बरोबर असलेल्या पिल्लाच्या हिरडीला दोन थेंब लागले तर काही बिघडत नाही.

साखर लावून पंधरा मिनिटांत काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरं आहे. फरक पडला तर साखर पडली होती हे कळलं. ती का पडली, हे अजून कळायचं आहे.

हे करू नका

शुद्धीवर नसलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी, दूध, ओआरएस, औषध काहीही ओतू नका. सिरिंजने नाही, चमच्यानेही नाही. त्याला गिळता येत नाही, सगळं श्वासनलिकेत जातं. झटके आले म्हणून नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. ब्रँडी पाजू नका. क्रोसिन, आयबुप्रोफेन, कुठलीही माणसांची गोळी नको. विष खाल्ल्याच्या संशयाने मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बेशुद्ध पिल्लात ते पाणी फुप्फुसात जातं, आणि शुद्धीवरच्या पिल्लात मिठाचीच विषबाधा होते. गुरांसाठी आणून ठेवलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचणं हा गावाकडे सर्रास चालणारा प्रकार आहे. गाईच्या मापाचं औषध सातशे ग्रॅमच्या जिवाला किती होतं याचा विचार करा.

मोबाइल काढा

पिल्लू सुरक्षित जागी आहे, श्वास चालू आहे, कुणीतरी साखर चोळतंय, तर दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. तीस सेकंद पुरेत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लू बरेचदा उठून बसलेलं असतं आणि डॉक्टरांना फक्त तुमचं वर्णन ऐकावं लागतं. झटका होता की चक्कर, हा फरक व्हिडिओत दिसतो. झटक्यात पाय सायकल मारल्यासारखे चालतात, जबडा आपटतो, लघवी-शी होते, आणि नंतर बराच वेळ पिल्लू गोंधळलेलं, कधी आंधळ्यासारखं वागतं. चक्करेत खेळता खेळता एकदम लुळं पडतं, हिरडी पांढरी किंवा निळी होते आणि मिनिटभरात काही झालंच नाही असं उठून चालू लागतं. दुसऱ्या प्रकारात हृदयाचा जन्मजात दोष शोधावा लागतो.

जेवणानंतर तासा-दोन तासांनी पिल्लू झिंगल्यासारखं होत असेल, भिंतीला डोकं टेकवून उभं राहत असेल आणि भावंडांच्या मानाने वाढतच नसेल, तर डॉक्टरांना हे वेळेसकट सांगा. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी काही पिल्लांत असते, आणि ती या वर्णनावरूनच आधी सुचते.

निघताना

आधी फोन करा, पिल्लू घेऊन येतोय सांगा. रात्री बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून आजच, सगळं ठीक असताना, रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला आणि तिथे शिरेतून सलाईन देता येतं का, हे विचारून नंबर लिहून ठेवा. मुंबई-परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत कुत्र्या-मांजरांवर उपचार होतात. गावात असाल तर तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. गुरांचा दवाखाना म्हणून लोक तिकडे पिल्लू नेत नाहीत, पण तिथले डॉक्टरही पशुवैद्यच आहेत.

खोक्यात टॉवेल, टॉवेलात बाटल्या, त्यांच्यामध्ये पिल्लू. सोबत लसीकरणाचं कार्ड, गोळीचं पाकीट किंवा उंदराच्या औषधाचं वेष्टन सापडलं असेल तर तेही, आणि उलटी किंवा शी पिशवीत भरून. किळस वाटली तरी न्या. वाटेत आठवून ठेवा: शेवटचं कधी आणि काय खाल्लं, शी कशी होती, जंताचं औषध कधी दिलं, अंगावर काही लावलं का, नवीन काय घडलं. गोचिडांचं पातळ औषध जास्त प्रमाणात लावल्याने किंवा चाटल्याने पिल्लं गळून पडतात आणि घरचे लोक ते सांगायचंच विसरतात, कारण ते त्यांना औषध वाटतं, विष वाटत नाही.

कारणं बहुधा इथेच सापडतात

जंत. आकड्यासारख्या तोंडाचे जंत आईच्या दुधातून पिल्लात येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू यातून पांढरंफटक पडून जाऊ शकतं. शी काळी, डांबरासारखी दिसते. इतक्या लहान वयात शी तपासूनही अंडी दिसतीलच असं नाही, कारण जंत मोठे होऊन अंडी घालायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात, पण रक्त ते त्याआधीच प्यायला लागलेले असतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला देतात. मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून. आईलाही द्यायचं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलसर सावलीतली माती या जंतांना फार मानवते, आणि अळ्या माणसाच्या पायाच्या कातडीतही शिरतात. त्या मातीत मुलांना अनवाणी खेळू देऊ नका.

पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा आतड्यांचा रोग. दीड महिना ते सहा महिने हे वय, लस अर्धवट झालेली किंवा झालेलीच नाही. आधी खाणं सुटतं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. काही पिल्लं जुलाब सुरू होण्याआधीच गळून पडतात. दवाखान्यात पट्टीवर दहा-पंधरा मिनिटांत चाचणी होते. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं, साखर, ऊब, हे दिवसचे दिवस चाललं तर बरीच पिल्लं वाचतात. घरी फरशीला फिनेल लावून विषाणू मरत नाही. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ब्लीच आणि फिनेल एकत्र मिसळू नका. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते. पहिलं इंजेक्शन झालं म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, या समजुतीत ते रस्त्यावर फिरवू नका.

गोचीड आणि पिसवा. शंभर-दीडशे पिसवा एवढ्याशा अंगातून किती रक्त ओढतात, ते हिरडी पाहिल्यावर कळतं. गोचिडांमुळे रक्तात परजीवी शिरतात, मग ताप, पांढऱ्या हिरड्या, कधी कॉफीच्या रंगाची लघवी.

विष. उंदराच्या औषधांत झिंक फॉस्फाइड असेल तर पिल्लू काही तासांत कोसळतं आणि उलटीतून निघणारा वायू आपल्यालाही घातक असतो, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. रक्त पातळ करणारं औषध असेल तर तीन-चार दिवसांनी, काही कारण दिसत नसताना पिल्लू पांढरं पडतं, आत रक्तस्राव झालेला असतो. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल अर्ध्या-एक तासात साखर पाडतं. कण्हेर हृदयावर जाते. डांबर गोळ्या, भांग, ढेकणांचं औषध, सगळं लक्षात आणा.

साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे भरपूर आहेत, शिवाय घोणस, नाग, मण्यार. फुरसे आणि घोणशीच्या दंशात सूज आणि रक्तस्राव दिसतो. मण्यार चावली तर जागा सापडतही नाही, पिल्लू फक्त लुळं पडत जातं. पट्टी आवळू नका, चिरू नका. प्रतिविष हाच उपाय, आणि त्याची मात्रा सापाने सोडलेल्या विषावर ठरते, पिल्लाच्या वजनावर नाही.

लस टोचल्यानंतर काही मिनिटांत तोंड सुजणं, उलटी, कोसळणं हे क्वचित होतं, म्हणून लसीनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. तिथे त्यावरचं इंजेक्शन हाताशी असतं.

घरी परत आल्यावर

पुढचे दोन दिवस दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खाणं, रात्रीसुद्धा. गजर लावा. गाईच्या दुधात पिल्लाला लागणारी चरबी आणि प्रथिनं पुरेशी नसतात आणि जुलाब लागतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळाली तर तीच वापरा. महिन्यावरच्या पिल्लाला मऊ भात, शिजवलेली कोंबडी, उकडलेलं अंडं कालवून चालतं. मीठ, कांदा, लसूण नको.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहा. पिल्लाचं वजन रोज वाढायला हवं. एक दिवस थांबलं तर लक्ष द्या, उतरलं तर त्याच दिवशी फोन करा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी बोलणारं लक्षण आहे. आमचं ते पिल्लू आदल्या रात्री दूध पिताना मध्येच झोपलं होतं आणि भावंडांहून ते चपटं दिसत होतं. वजन केलं असतं तर ते अचानक गेलं असं मी म्हटलं नसतं.

त्याचं शवविच्छेदन करून घ्यायला मला शेजारच्या काकांनी सांगितलं. मन धजत नव्हतं. त्यांनीच कापडात गुंडाळून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, मी मागे बसलो. शव बर्फाच्या पिशवीसोबत ठेवून लवकर नेलं तर कारण सापडतं, गोठवलं तर तपासणी बिघडते. डॉक्टरांनी ट्रेमध्ये आतडं उघडून दाखवलं. आतल्या बाजूला सुताच्या तुकड्यांसारखे बारीक जंत चिकटलेले होते, आणि जिथे ते सुटले तिथे रक्ताचे ठिपके. यकृत फिकट, हृदयात रक्त पाण्यासारखं.

उरलेल्या चौघांना त्यांनी त्याच दुपारी तपासलं. दोघांच्या हिरड्या फिकट होत्या. औषध वजन करून दिलं, आईला वेगळं. सर्वांत लहान मादीला रक्त द्यावं लागेल का याचा अंदाज घेत दोन दिवस सलाईनवर ठेवलं, मग तिने स्वतःहून ताटली चाटली. मी गोणपाट जाळलं, पडवी कोरडी केली, पिल्लांना उंच फळीवर घेतलं आणि भिंतीवर पाच रकाने आखले. पहिल्या रकान्यात एकही आकडा नाही. बाकीच्या चारांत त्या आठवड्यात रोज वीस-तीस ग्रॅम वाढत गेले.